गंगू आता रिठदला राहते

कारंजा लाड
१४ जुलै २०२४, रविवार

श्री. ऋषिकेश यांस,

वर काय लिहावं हे बराच वेळ ठरेना. लग्न होतं तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही, आणि ते मोडल्यावर जे काही लिहिलं ते वकिलांनी लिहिलं. म्हणून नुसतं 'श्री.' घातलं आहे. राग मानू नका.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तुम्ही 'हो', 'बरं', 'ठेवतो' याच्या पुढे जात नाही, आणि कधी गेलात तरी शेजारी गंगू असते. दोन खोल्यांच्या घरात तिला सगळं ऐकू जातं. हे बोलणं तिच्या कानावर पडू नये म्हणून पत्र रिठदच्या पत्त्यावर न टाकता, तुमच्यासारखेच एसटीत कंडक्टर असलेल्या प्रेमसिंगभाऊंच्या हाती डेपोत पाठवते आहे. त्यांची कारंजा-रिसोड फेरी आहे तोवर ही सोय बरी आहे.

तुमच्या पगारातून कापलेले पैसे याही महिन्यात माझ्या खात्यात आले. गंगू माझ्याकडे होती तेव्हा ते तिच्या शाळेचे, दुधाचे, चपलांचे होते. आता ती तुमच्याकडे आहे. चपलाही तुम्हीच घेता. मग ते माझ्याकडे कशाला? मी फोनवरून परत पाठवले, माझा चहा पिऊन होईपर्यंत तुम्ही ते उलट पाठवले. पाकिटात घालून प्रेमसिंगभाऊंकडे दिले, तर दुसऱ्या दिवशी पाकीट जसंच्या तसं कारंज्याला. ते म्हणाले, "वहिनी, आता या पाकिटाचं तिकीट फाडा लागते मले." मला हसू आलं, पण हे असं किती दिवस चालणार?

वकील मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलगी वडिलांकडे गेली हे तुम्ही दोघं म्हणता, कागद म्हणत नाही. कागदावर ती अजून आईकडेच आहे, म्हणून पगार कापला जाणारच. डेपोतल्या बाबूलाही त्यात काही करता येत नाही. दोघांनी मिळून वाशिमच्या कोर्टात अर्ज द्यायचा, ताबा तुमच्या नावावर करायचा आणि पोटगी बंद करायची. भांडण नसेल तर लवकर होतं. आपल्यात आता भांडण आहे का? मला तरी ते कुठे दिसत नाही.

ती तुमच्याकडे का आली हे तुम्ही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उन्हाळ्यात महिनाभरासाठी म्हणून आली होती. एक दिवस तिचा फोन आला, "आई, मी इथंच राहू का?" मी विचारलं, काहून. ती म्हणाली, "तू रात्री दवाखान्यात असते आणि दिवसा झोपते. मग मी बोलू कोणाशी?" माझी नाइट ड्युटी असली की घरमालकीण भुरीबाई तिला आपल्याकडे झोपायला न्यायच्या, जेवू घालायच्या, पण ते घर त्यांचं. मी तिच्याशी वाद घातला नाही. शाळेतून 'गार्गी' नावाचा तिचा दाखला स्वतः काढून आणला. कारकून म्हणाला, "काहून काढून राह्यल्या ताई?" मी म्हटलं, बदली झाली. कोणाची, ते त्यानं विचारलं नाही.

केस धुतले की ते ओलेच बांधून शाळेत पळते. बांधू देऊ नका, लगेच सर्दी होते तिला.

अर्जाचं कळवा.

रूपाली


कारंजा लाड
५ सप्टेंबर २०२४

श्री. ऋषिकेश यांस,

पोळ्याला गंगूला पाठवलंत, बरं वाटलं. भुरीबाईंनी तिच्यासाठी पुरणाची पोळी केली आणि ती आवडत नसताना दोन खाल्ल्या तिने. त्यांचं मन मोडू नये म्हणून. ही समज तिला कधी आली, मला कळलंच नाही.

तुम्हाला राग येईल अशी एक गोष्ट लिहिते. तिनं मुद्दाम सांगितलं नाही, बोलता बोलता निघालं. तुम्ही डबल ड्युटी करता आहात. शिवाय आठवड्यातून तीन दिवस मुक्कामी गाडी मागून घेतली आहे. त्या रात्री गंगू एकटी असते. दाराला आतून कडी लावून, रेडिओ चालू ठेवून झोपते. मी म्हटलं, शेजारच्या मावशींकडे जायचं ना. तर म्हणते, "बाबा म्हणतात कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत."

माझ्याकडे रात्री एकटी होती म्हणून ती तुमच्याकडे आली. आता तुमच्याकडेही एकटीच आहे. फरक एवढाच की इथे भुरीबाई होत्या. तुम्ही डबल ड्युटी कशासाठी करता हे मला कोणी सांगायला नको. पगारातला तो तुकडा माझ्याकडे येतो, तो भरून काढायला करता. मी परत देते, तो तुम्ही घेत नाही. आणि अर्जाचं म्हटलं की 'पाहू' म्हणता. जुलैत 'पाहू', ऑगस्टात 'पाहू'.

माझा भाऊ म्हणतो, येत आहेत तर येऊ दे, तुझ्या तोंडानं कशाला बंद करतेस, पोरीच्या शिक्षणाला होतील. त्याला मी सांगितलं, पोरीचं शिक्षण रिठदला चालू आहे. तो बोलत नाही माझ्याशी तेव्हापासून. जेवणं अडलेलं नाही त्यामुळे माझं.

तुम्ही यायची वाट पाहत राहिले तर दिवाळी येईल. म्हणून मी एकटीच अर्ज देते आहे. पुढच्या आठवड्यात देईन. तुम्हाला कोर्टाची नोटीस येईल. अर्जात काय आहे ते आधीच सांगते: मुलगी वडिलांकडे राहावी, आणि वडिलांच्या पगारातून कापणं बंद व्हावं. नोटीस आली की घाबरू नका, तारखेला या आणि 'मान्य' म्हणा.

आलेले पैसे मी वेगळे ठेवते आहे. त्यातल्या एका पैशालाही हात लावलेला नाही.

मुक्कामी गाडीचं बघा. एवढं तरी लगेच बघा.

रूपाली


कारंजा लाड
२२ ऑक्टोबर २०२४

ऋषिकेश,

गंगू कुठे आहे?

शाळेतून बाईंचा फोन आला, सहामाही परीक्षा सुरू झाली आणि गार्गी दोन पेपरला आली नाही, आजारी आहे का. मी तुम्हाला फोन लावला, बंद. तिचा लावला, बंद. ड्युटी सोडून रिठदला आले. दाराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कोर्टाचा मानूस कागद देऊन गेला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघंबी गेले बॅगा घेऊन." कुठे, ते त्यांना माहीत नाही. रिसोडला डेपोत गेले, तर तुम्ही रजेवर. प्रेमसिंगभाऊ भेटले, पण माझ्याकडे पाहीनात. शेवटी एवढंच बोलले, "वहिनी, पोरगी सुखरूप हाय. कुठं हाय ते नका इचारू, मले शपथ घातली." त्यांच्याच हातात हे पत्र देते आहे.

त्यांच्या त्या एका वाक्यावर मी दोन दिवस काढले आहेत.

भाऊ आपणहून आला आणि म्हणाला, पोलिसात जा, कागदावर मुलगी तुझी आहे, त्याला आत टाकतील. कागदावर ती माझी आहे हे खरंच आहे. मी ठाण्याच्या फाटकापर्यंत गेले. तिथून परत आले. गंगूला पोलिसांच्या गाडीतून आणलेली मला बघायची नाही, आणि तुम्हाला पोलीस घेऊन जाताना तिनं बघायला नको.

तुम्ही नोटीस पूर्ण वाचली का? वाचली नसेल तर मीच पुन्हा सांगते. मी मुलगी मागितलेली नाही. ती तुमच्याकडे राहावी म्हणून अर्ज केला आहे. तुमचा पगार कापला जाऊ नये म्हणून केला आहे. तिसरं काहीही त्यात नाही. पान उलटून बघा, दुसऱ्या पानावर आहे सगळं.

रागावायची शक्ती आत्ता नाही माझ्यात. ती जेवते का, झोपते का, आणि घाबरलेली आहे का, एवढंच लिहून पाठवा. कुठे आहात ते लिहू नका वाटल्यास.

रूपाली


सेनगाव
२५ ऑक्टोबर

रूपाली,

प्रेमसिंगनं पत्र आनून देल्लं. मी ताईकडं हाय, सेनगावले. रुख्मिणाताईकडं. गंगू चांगली हाय, जेवते, ताईच्या पोराईसंग खेळते. घाबरली नाई. तिले मी सांगतलं का दिवाळीसाठी आलो. पन ते आता लहान नाई, तिले समजते. काल मले म्हने, बाबा, परीक्षा बुडली माही, खरं सांगा. मी कायी नाई सांगतलं.

मले लिहाची सवय नाई. तिकिटाच्या मागं हिशोब सोडून काई लिहिलं नाई कधी.

नोटीस आली तं वर तुयं नाव होतं, अर्जदार म्हनून. खाली मायं, गैरअर्जदार. मागल्या खेपेले बी असंच होतं. वर तू, खाली मी. तवा तुया भाऊ वाशिमले कोर्टाच्या बाहीर मले म्हने, सही करून टाका भाऊजी, पोरगी काय कुठं जाते का, पाहिजे तवा भेटा. मी सही केली. मंग महिन्यातले दोन रविवार भेटले. ते बी तुयी नाईट असली का एकच.

तू पत्रात लिहिलं होतं का घाबरू नका, मान्य म्हना. मले वाटलं हे बी त्या सहीसारखंच गोड बोलनं हाय. दुसरं पान मी पाह्यलंच नाई. पह्यल्या पानावरच मायं डोकं काम करनं बंद झालं. मले वाटलं कोर्टात गेलो तं साहेब इचारतील, पोरगी तुयापाशी काहून हाय, कोनाच्या परवानगीनं हाय. आन् देऊन टाकतील तुले. पगार कापते तं कापू दे, असं म्हनत होतो मी. पैसे गेले तं पोरगी राहीन ना. कोर्टाची वाटच नोको.

काल दुसरं पान वाचलं. ताईनं बी वाचलं. ताई मले जे बोलली ते लिहीत नाई.

पोलिसात नाई गेली, हे मी इसरनार नाई.

मंगळवारी घरी येतो. मुक्कामी गाडी सोडली. पयलेच सोडाले पाह्यजे होती.

ऋषिकेश


कारंजा लाड
२८ ऑक्टोबर २०२४

गंगूचे बाबा,

तुमचं पत्र प्रेमसिंगभाऊंनी थेट वॉर्डात आणून दिलं. मी इंजेक्शनचा ट्रे हातात घेऊन उभी होते. 'गंगू चांगली हाय' इथपर्यंत वाचलं, ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. एक पेशंट म्हणाली, "सिस्टर, तुमालेच सलाईन लावा लागते का?" आठ दिवसांनी हसले मी.

माझ्या भावानं तुम्हाला बाहेर असं सांगितलं हे मला आज, तुमच्या पत्रातून कळलं. मी तेव्हा आत बसले होते. तुम्ही स्वखुशीनं सही केली असंच मला सांगितलं गेलं. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला मुलगी नकोच आहे. इतकी वर्षं मी हेच धरून बसले. तुम्ही वेगळंच धरून बसला होता. आता त्यावर लिहीत बसत नाही. भावाशी मी बोलेन.

शाळेतल्या बाईंशी बोलले आहे. दिवाळीनंतर दोन्ही पेपर पुन्हा घेतील. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, पण थोडक्यात. त्या चांगल्या आहेत, जास्त विचारलं नाही.

तारीख नोव्हेंबरच्या शेवटी आहे. गंगूलाही आणायला सांगितलं आहे. साहेब तिच्याशी बोलतात, ती तेरा वर्षांची आहे म्हणून. तुम्ही तिला घेऊन या, आणि परत जाताना ती तुमच्याबरोबरच जाईल. हे मी लिहून देते आहे. हे पत्र तरी जपून ठेवा.

दिवाळी सुखाची जावो. तिला अनारसे आवडतात. रुख्मिणाताईंना करता येतात, मला आठवतं.

रूपाली


कारंजा लाड
१८ जानेवारी २०२५

गंगूचे बाबा,

काल तुम्हाला ड्युटीमुळे येता आलं नाही, म्हणून काय झालं ते सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलं तेव्हा गाडीचा आवाज होता, तुम्ही किती ऐकलंत कोण जाणे.

आदेश झाला. गार्गीचा ताबा तुमच्याकडे. तुमच्या पगारातून कापणं बंद. तसं पत्र डेपोला जाईल, वकील मॅडम स्वतः नेऊन देणार आहेत. जूनपासून माझ्याकडे आलेले पैसे तिच्या नावानं बँकेत ठेवायला साहेबांनी मान्यता दिली. सुट्टीत ती माझ्याकडे येईल, आणि एरवी तिला वाटेल तेव्हा. ते 'वाटेल तेव्हा' त्यांनी लिहायला लावलं. वकील मॅडम म्हणाल्या की असं सहसा लिहीत नाहीत.

आणि नोव्हेंबरात मीच साहेबांपुढे म्हटलं होतं त्याप्रमाणे, दर महिन्याला मी तिच्या खर्चासाठी रक्कम द्यायची, तिच्या खात्यात, जे तुम्ही चालवाल. हे तुम्हाला पटलेलं नाही हे मला माहीत आहे. नोव्हेंबरच्या तारखेला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, "साहेब, हिचे पैसे मी घेनार नाई. माह्या पोरीले पोसाची ताकद हाय माह्यात." साहेब तुमच्याकडे बघून म्हणाले, "तुमची ताकद कोणी विचारली नाही. हे पैसे तुमचे नाहीत, मुलीचे आहेत. तिला आई आहे, तिनं आईचं घ्यायचं नाही का?" तुम्ही खाली मान घातलीत. कालही त्यांनी वकील मॅडमना तेच विचारलं, मुलीच्या वडिलांचं काय म्हणणं. त्या म्हणाल्या, ते गप्प आहेत. साहेब हसले आणि म्हणाले, मग मान्य आहे असं धरतो.

दवाखान्यात कळलं आहे. एक बाई म्हणाल्या, आम्ही नवऱ्याकडून घ्यायला कोर्टात जातो आणि तू द्यायला गेलीस, उलटंच आहे तुझं. मी म्हटलं, असेल उलटं.

तुम्हाला मात्र नीट सांगायचं आहे. तुम्ही तिला पोसू शकता हे मला माहीत आहे. ते पैसे नसले तर ती उपाशी राहणार नाही. पण ती गेली तेव्हापासून माझ्या हाताला काम राहिलं नव्हतं. पूर्वी पगार झाला की पहिल्यांदा तिचं बाजूला काढत असे, मग भाडं, मग बाकीचं. जूननंतर पगार यायचा आणि मी त्यातलं काहीच बाजूला काढत नसे. कोणासाठी काढू? आता पुन्हा काढेन. घेणं तुम्हाला जड जात असेल तर तिच्याकडे बघून घ्या. मला देऊ द्या.

नोव्हेंबरात साहेबांनी गंगूला आत बोलावलं आणि आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, ते आठवतं का? किती वर्षांनी शेजारी बसलो. तुम्ही मला विचारलंत, "तिनं तुयं नाव घेतलं तं?" मी म्हटलं, तर तुमच्या बाजूनं मीच पुन्हा एकदा विचारेन तिला. तुमचा मघापासून हलणारा पाय थांबला.

आत काय झालं ते तिनं मला नाताळच्या सुट्टीत सांगितलं. तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. साहेबांनी तिला विचारलं, आईचा राग आला आहे का? ती म्हणाली, "नाही. आई आवडते मला. पण संध्याकाळी घरात माणूस पाहिजे." मग विचारलं, वडील असतात का घरी? तर म्हणाली, "आधी नसायचे, आता असतात. भाकरी कच्ची करतात, पण असतात." साहेबांनी तिला चॉकलेट दिलं. तिनं अर्धं तुमच्यासाठी ठेवलं होतं म्हणे, ते दप्तरात वितळलं.

हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ. सात महिने मी मनात एकच प्रश्न घेऊन फिरत होते आणि कोणाला विचारत नव्हते. तिनं मला टाकलं का? तिनं मला टाकलेलं नाही. तिला संध्याकाळी घरात माणूस पाहिजे होतं, एवढंच.

आदेशाची प्रत प्रेमसिंगभाऊंबरोबर पाठवते आहे. यात तुमचं नाव वर आहे की खाली ते बघत बसू नका. शेवटचं पान आधी वाचा.

रूपाली


कारंजा लाड
९ मार्च २०२५, रविवार

गंगूचे बाबा,

मागच्या महिन्यापासून पैसे परत आलेले नाहीत, म्हणजे तुम्ही घेतलेत. आभार मानत नाही, पण बरं वाटलं हे कळवते.

आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. गुरुवारी संध्याकाळी गंगूचा फोन आला. मी ड्युटीवर जायच्या तयारीत होते. ती आधी नुसतीच 'आई' म्हणाली. मग म्हणाली, "ते झालं. आज." मला लगेच कळलं. मी बसले. विचारलं, कोण आहे जवळ? म्हणाली, कोणी नाही, बाबा ओट्यावर जाऊन बसलेत, म्हणाले आईशी बोल, मी बाहेर आहे, दार ओढून घे.

मग तिनं सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत नसेल की तिनं सगळं सांगितलं, म्हणून सांगते.

तुम्ही ड्युटीवरून आलात तेव्हा ती आतल्या खोलीत शाळेच्या कपड्यांतच बसलेली होती आणि उठत नव्हती. तुम्ही विचारलंत, ताप आहे का, दवाखान्यात जायचं का, कोणी काही बोललं का. ती नाही नाही म्हणत राहिली. मग तुम्ही दारातच उभे राहिलात आणि म्हणालात, "बरं, समजलं मले. तू बस, मी आलोच." खाकी कपडे न बदलता गाडीला किक मारून मेडिकलमध्ये गेलात. तीन वेगवेगळी पाकिटं घेऊन आलात, कारण कोणतं घ्यायचं ते माहीत नव्हतं आणि दुकानात बाई नव्हती विचारायला. बरोबर गरम पाण्याची पिशवीही आणलीत. पाणी तापवून दिलंत. चहा केलात, त्यात आलं घातलंत.

तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या आणि त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, तिला आता चार दिवस बाजूला बसवा, माठाला हात लावू देऊ नका, देवाकडे जाऊ देऊ नका, घरात बाई नाही म्हणून मी सांगते. तुम्ही त्यांना म्हणालात, "मावशी, माह्या घरी कोनी बाजूले बसत नाई. पोरगी हाय ते, परकी नाई." आणि गंगूला म्हणालात, "जाय, पानी पी माठातलं." ती म्हणते, मला तहान नव्हती, पण मी उठून पाणी प्यायले.

ऋषिकेश, ती तुमच्याकडे गेली त्या दिवसापासून मी याच दिवसाला भीत होते. एकाही पत्रात लिहिलं नाही. तुम्हाला लिहिता येण्यासारखं नव्हतं, आणि लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की मी तिला परत न्यायला निमित्त काढते आहे. दवाखान्यात तिच्या वयाच्या मुली येतात, तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब करायची, आता होईल, तेव्हा ती कुठे असेल, मी नाईटला असेन का, घरात कोणी नसलं तर ती कोणाला सांगेल. कोर्टाचा आदेश झाला तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस आता. मी हो म्हटलं. पण खरी सुटले ती या गुरुवारी.

फोन ठेवला आणि ड्युटीवर गेले. सकाळी घरी आले, भुरीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बापानं केलं? एकट्यानं?" मी म्हटलं, हो. त्या गूळ घेऊन आल्या आणि माझ्या तोंडात घातला. मग मी आंघोळ केली, जेवले आणि झोपले. दिवसाची झोप मला कधी नीट लागत नाही, गेली कितीतरी वर्षं. परवा अशी लागली की दुधवाला हाका मारून गेला तरी कळलं नाही.

पुढच्या रविवारी तिला सकाळच्या गाडीत बसवून द्या, मी स्टँडवर येते. तुम्हाला सुट्टी असेल तर तुम्हीही या. जेवून जा. भुरीबाई म्हणतात की त्यांना तो माणूस बघायचा आहे.

आणि ती पाकिटं. तिन्हींतलं निळं ठेवा, तेच तिला बरं पडेल. बाकीची दोन फोडली नसतील तर बदलून आणा, दुकानदार घेतो परत.

रूपाली